रक्तदाबाची नोंदवही



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं जॉर्जिया या संस्थानांत वॉर्म स्प्रिंग्ज नांवाचें एक लहानसें गांव आहे. ता. १२ एप्रिल १९४५ रोजीं दुपारीं तेथें अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट खुर्चींत बसून कागदपत्रें चाळीत होते आणि समोर एक चित्रकर्त्री त्यांचें चित्र काढीत होती. एकाएकीं त्यांनीं डोक्याला हात लावला, डोकें फार दुखत असल्याचें सांगितलें आणि तत्क्षणीं त्यांची शुद्ध हरपली. डॉक्टर हॉवर्ड ब्रुएन यांनीं येऊन रक्ताचा दाब मोजला, तो ३०० वर १९० भरला. कांहीं तासांतच सर्व आटोपलें. हा घाला केवळ अनपेक्षित होता, असें त्या वेळीं जगाला सांगण्यांत आलें.

परंतु तो अनपेक्षित होता काय? ब्रुएन हे हृद्रोगाचे जाणते. त्यांनीं पंचवीस वर्षांनीं, म्हणजे १९७० सालीं, सर्व हकीकत एका वैद्यकीय मासिकांत छापली. मार्च १९४४ मध्यें त्यांनीं अध्यक्षांना प्रथम तपासलें तेव्हां दाब १८६ वर १०८ होता आणि हृदय वाढलेलें होतें. जुने कागद काढून पाहिले, तों १९३७ सालीं १६२ वर ९८ आणि १९४१ सालीं १८८ वर १०५ अशा नोंदी सांपडल्या. म्हणजे सात वर्षें आंकडा डोळ्यांसमोर चढत होता, आणि इतरांना त्यांत वयोमानापलीकडे विशेष कांहीं दिसत नव्हतें. ब्रुएन यांनीं हृदयाचें औषध दिलें, मीठ कमी केलें, सिगारेटी कमी करावयास लावल्या, विश्रांति सांगितली. याहून अधिक करण्यास त्यांच्या पेटींत साधन नव्हतें. जगांतील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाचा दाब वेळोवेळीं मोजला जात होता, आणि मोजून उपयोग नव्हता.

आज साधनें आहेत. दिवसाला एक गोळी, फार तर दोन किंवा तीन. त्यांतील कित्येक इतक्या जुन्या आणि स्वस्त कीं सरकारी दवाखान्यांत त्या फुकट मिळतात. असें असतां जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालाप्रमाणें उच्च रक्तदाब असलेल्या दर पांच प्रौढांपैकीं सुमारें एकाचाच दाब ताब्यांत होता. ही तफावत कशी पडली, आणि ती कोणीं कोठें भरून काढली, हें आज आपल्याला पाहावयाचें आहे.

मोजण्याची कथा थोडक्यांत सांगतां येईल. इंग्लंडांतील टेडिंग्टन येथील पाद्री स्टीफन हेल्स यांनीं एका घोडीच्या मांडीच्या रक्तवाहिनींत पितळी नळी बसवून तिला उभी कांचेची नळी जोडली, आणि रक्त ८ फूट ३ इंच चढलेलें पाहिलें. हा प्रयोग त्यांनीं १७३३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. माणसाचा दाब अशा रीतीनें मोजणें शक्य नव्हतें, हें सांगावयास नको. त्यानंतर दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १८९६ सालीं, इटलींत ट्युरिन येथें सिपिओने रिवा-रोच्ची यांनीं सायकलच्या चाकांतील रबरी नळीचा पट्टा करून तो दंडाला गुंडाळला, त्यांत हवा भरली, आणि मनगटाची नाडी बंद पडते त्या वेळीं पारा किती चढला आहे तें पाहिलें. यांत वरचा आंकडा मिळे, खालचा मिळत नसे. ती उणीव निकोलाय कोरोत्कॉव्ह या रशियन लष्करी शल्यवैद्यानें १९०५ सालीं एका पानाहूनहि लहान अशा टिपणानें भरून काढली. पट्ट्याखालीं कोपराच्या खळगींत श्रवणनळी ठेवावी. हवा सोडतां सोडतां पहिला ठोका ऐकूं येईल तो वरचा आंकडा, आणि आवाज नाहींसा होईल तो खालचा. एवढ्या लहान लेखाचा एवढा मोठा उपयोग वैद्यकाच्या इतिहासांत क्वचितच झाला असेल.

या आंकड्यांचें महत्त्व प्रथम कोणीं ओळखलें म्हणाल, तर विमा कंपन्यांनीं. अमेरिकेंत १९०७ सालापासूनच एका मोठ्या कंपनीचे वैद्य विमेदाराचा दाब तपासूं लागले होते, आणि ज्यांचा दाब अधिक तीं माणसें लवकर मरतात हें त्यांच्या हिशेबाच्या वह्यांनीं पुढें निःसंशय दाखविलें. डॉक्टर मंडळी मात्र साशंक राहिली. पुष्कळ नामांकित वैद्यांचें मत असें होतें कीं, रक्तवाहिन्या कठीण झाल्यावर मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त पोंचविण्यासाठीं शरीरच दाब वाढवितें; तो उतरविला तर अपाय व्हावयाचा. वाढलेल्या दाबाला त्यांनीं "आवश्यक" असें विशेषण दिलें होतें आणि वैद्यकाच्या ग्रंथांत तें अद्यापहि चिकटून राहिलें आहे. ज्याचे पैसे बुडतात त्याला जें दिसलें, तें ज्याचे रोगी दगावतात त्याला दिसूं नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

औषधाच्या शोधांत मुंबईचा वांटा मोठा आहे आणि तो आपल्याकडे जितका ठाऊक असावा तितका नाहीं. सर्पगंधेची मुळी आपल्या देशांत वेड आणि निद्रानाश यांवर फार पूर्वींपासून देत असत. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं, ती रक्ताचा दाबहि उतरविते असें लिहिलें. त्यावर युरोप-अमेरिकेचें लक्ष गेलें नाहीं. पुढें मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं आपल्या रोग्यांवर अनेक वर्षें ती वापरून पाहिली, त्यांपैकीं ५० जणांचे आंकडे पद्धतशीर मांडले, आणि १९४९ सालीं तो लेख इंग्लंडच्या हृद्रोगविषयक नियतकालिकांत छापून आला. तेव्हां कोठें जग जागें झालें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत बाझेल येथें त्या मुळींतून रेसर्पिन हें शुद्ध द्रव्य काढण्यांत आलें आणि १९५७ सालीं डॉ. वकील यांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. या औषधांत दोष होते. मोठ्या मात्रेनें कित्येकांचें मन खिन्न होई, आणि म्हणून आतां तें फारसें कोणी देत नाहीं. पण दाब गोळीनें उतरवितां येतो, ही गोष्ट सर्पगंधेनें पुष्कळांच्या गळीं उतरविली. त्याच दशकाच्या अखेरीस मूत्रावाटे मीठ व पाणी काढून टाकणारीं थायझाइड वर्गाचीं औषधें आलीं.

दाब उतरला म्हणून माणूस वांचतो काय, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. त्याचें उत्तर अमेरिकेंतील एडवर्ड फ्राइस यांनीं माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून काढलें. खालचा आंकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. निम्म्यांना खऱ्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या दिल्या. खऱ्या गोळ्यांतील तीन औषधांपैकीं एक आपल्या सर्पगंधेचें रेसर्पिन होतें. १९६७ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. पोकळ गोळ्यांच्या गटांत २७ जणांवर गंभीर आपत्ति ओढवली. औषधाच्या गटांत दोघांवर. तीन वर्षांनीं, कमी दाब चढलेल्यांतहि लाभ होतो असें याच मंडळींनीं दाखविलें. आतां वादाला जागा राहिली नाहीं.

येथें इतिहास संपावयास हवा होता. यंत्र आहे, औषध आहे, पुरावा आहे; आणखी काय पाहिजे? पण सत्तरीच्या दशकांत अमेरिकेंत वस्त्यावस्त्यांतून पाहण्या झाल्या तेव्हां एक चमत्कारिक हिशेब समोर आला. ज्यांचा दाब वाढलेला आहे त्यांतील सुमारें निम्म्यांना तें ठाऊकच नाहीं. ज्यांना ठाऊक आहे त्यांतील निम्मे औषध घेत नाहींत. जे घेतात त्यांतील निम्म्यांचाच दाब उतरतो. अर्ध्याचें अर्धें, आणि त्याचेंहि अर्धें. म्हणजे आठांत एक. "निम्म्यांचा नियम" असें नांव या हिशेबाला पडलें, आणि तो देशोदेशीं थोड्याफार फरकानें लागू पडला.

कारण उघड होतें, पण तें पाहण्याची वैद्यकाला संवय नव्हती. दांत दुखला कीं माणूस डॉक्टरकडे जातो, ताप आला कीं जातो. रक्ताचा दाब बहुधा दुखत नाहीं. तो वीस वर्षें मुकाट्यानें वाढतो आणि एके दिवशीं अर्धांगवायु होतो. दवाखान्याची सारी रचना मात्र, जो दुखणें घेऊन येईल त्याला पाहावयाचें, या तत्त्वावर उभारलेली. जो येत नाहीं तो डॉक्टरच्या लेखीं नाहींच. रूझवेल्टच्या वेळीं दाब मोजणारा होता आणि औषध नव्हतें. आतां औषध होतें आणि सामान्य माणसाचा दाब मोजणारा नव्हता.

ही गोष्ट ज्यानें सर्वांच्या आधीं ओळखून तिच्यावर उपाय केला तो एक खेड्यांतला डॉक्टर होता. दक्षिण वेल्समध्यें अॅफन नदीच्या खोऱ्यांत ग्लिनकॉरुग नांवाचें कोळशाच्या खाणींवर जगणारें गांव होतें. त्या वेळीं तेथील वस्ती सुमारें दोन हजार होती. १९६१ सालीं डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनीं तेथील दवाखाना हातीं घेतला. ते लंडनचे, मतानें कट्टर साम्यवादी, आणि आर्ची कॉक्रेन या संशोधकाच्या हाताखालीं वस्तीवस्तीची शिरगणती करून रोगांचा हिशेब मांडण्याचें शिक्षण घेतलेले. ब्रिटनमध्यें १९४८ सालीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्यापासून प्रत्येक रहिवाशाचें नांव कोणा ना कोणा डॉक्टरच्या यादींत असे. इतर डॉक्टरांना ही यादी म्हणजे मानधनाचा हिशेब वाटे. हार्ट यांना तींत सारें गांव दिसलें. आलेले किती आणि न आलेले किती, हें ज्याला सांगतां येतें असा डॉक्टर त्या यादीनें निर्माण केला होता. प्रश्न फक्त ती उघडून वाचण्याचा होता.

१९६८ च्या सुमारास त्यांनीं ठरविलें कीं वीस ते चौसष्ट वर्षांच्या प्रत्येक स्त्रीपुरुषाचा दाब मोजावयाचा. त्यासाठीं तंबू ठोकले नाहींत कीं दवंडी पिटली नाहीं. कोणी खोकल्यासाठीं आला, कोणी पाठ दुखते म्हणून, कोणी खाणींतल्या रजेचा दाखला मागण्यास; जो येईल त्याचा, त्याची तक्रार कांहींहि असो, दंडाला पट्टा बांधून आंकडा कागदावर घ्यावयाचा. बहुतेक माणसें वर्षा-दोन वर्षांत एकदां तरी कांहींतरी कारणानें डॉक्टरकडे येतातच. शेवटीं ज्यांच्या कागदावर आंकडा नाहीं अशांची एक लहान यादी उरली. त्यांना निरोप गेले, निरोपानें न आलेल्यांच्या घरीं माणूस गेला. १९७० सालीं हार्ट यांनीं ही पद्धति "लॅन्सेट" या नियतकालिकांत प्रसिद्ध केली तेव्हां जवळजवळ सारें गांव मोजून झालें होतें. एका सामान्य दवाखान्यानें आपल्या सर्व माणसांचा दाब मोजल्याचें दुसरें उदाहरण तोंवर जगांत नव्हतें.

मोजणें हा कामाचा सोपा भाग होता. ज्यांचा दाब चढलेला निघाला त्यांना वर्षानुवर्षें बांधून ठेवणें हा कठीण भाग. धडधाकट दिसणाऱ्या खाणकामगाराला जन्मभर गोळी घे म्हणून सांगणें, ती खाऊन त्याला चक्कर आली तर औषध बदलून देणें, तो महिन्याभरानें आला नाहीं तर कां आला नाहीं याची चौकशी करणें, हें एकट्या डॉक्टरचें काम नव्हे. परिचारिका, कागद सांभाळणारे, आणि हार्ट यांच्या पत्नी मेरी, ज्या स्वतः संशोधक होत्या, यांचा त्यांत फार मोठा भाग होता. मध्यंतरीं गांवची खाण १९७० सालीं बंद पडली आणि बेकारी आली. दवाखाना मात्र चालूच राहिला. जेथें गरज सर्वांत अधिक तेथेंच चांगली वैद्यकीय मदत सर्वांत कमी पोंचते, हा हार्ट यांचा सुप्रसिद्ध उलटा नियम १९७१ चा. तो त्यांनीं या दरींत बसूनच लिहिला.

पंचवीस वर्षांचा जमाखर्च १९९१ सालीं छापला गेला. उच्च दाबाच्या रोग्यांचा सरासरी आंकडा आरंभीं १८६ वर ११० होता, तो १४६ वर ८४ पर्यंत उतरला होता. त्यांच्यांतील धूम्रपान करणारांचें प्रमाण शेंकडा ५६ वरून २० वर आलें होतें. शेजारच्या, तशाच गरीब आणि तशाच खाणींच्या एका गांवाशीं तुलना केली तेव्हां पासष्ट वर्षांच्या आंत येणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण ग्लिनकॉरुगमध्यें स्पष्टपणें कमी भरलें. गांव लहान, आंकडे लहान, आणि सिगारेटी सुटल्याचें श्रेय गोळ्यांना देतां येणार नाहीं. एवढी शंका कोणाहि चिकित्सकानें घ्यावी, आणि हार्ट यांनाहि ती मान्य झाली असती असें वाटतें. कारण स्वतःची झडती घेण्यांत त्या माणसानें कसूर केली नाहीं. १९८७ सालीं त्यांनीं आपल्या दवाखान्यांतील लागोपाठच्या ५०० मृत्यूंची तपासणी प्रसिद्ध केली: प्रत्येक मृत्यूंत टाळतां येण्यासारखें काय होतें, आणि चूक रोग्याची, डॉक्टरची कीं रुग्णालयाची. डॉक्टरनें आपला कोरोनर स्वतःच व्हावें, असें त्या लेखाचें नांव होतें. आपल्या हातून दगावलेल्यांची यादी स्वतः छापणारे वैद्य कोणत्याहि देशांत फार नसतात.

एका विलक्षण माणसानें एका खेड्यांत केलें तें लक्षावधि माणसांच्या बाबतींत होईल काय, असा आक्षेप पुष्कळ वर्षें घेतला जाई. त्याला उत्तर उत्तर कॅलिफोर्नियांतील कायझर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेनें दिलें. २००१ सालीं तिच्या नोंदींत उच्च दाबाचे सुमारें साडेतीन लक्ष सभासद होते आणि त्यांतील शेंकडा ४४ जणांचाच दाब ताब्यांत होता. २००९ सालीं नोंदी साडेसहा लक्षांवर गेल्या आणि ताब्यांत आलेल्यांचें प्रमाण शेंकडा ८० झालें. एवढ्या अवधींत कोणतेंहि नवें चमत्कारी औषध निघालें नव्हतें. सर्व रोग्यांची एक वही केली. कोणत्या दवाखान्यांत किती जणांचा दाब उतरला हें त्या त्या दवाखान्याला कळवूं लागले. औषधांची एकच सोपी पायरी सर्वांनीं पाळली. दोन औषधें एका गोळींत दिलीं. आणि औषध बदलल्यावर दोन-चार आठवड्यांनीं दाब मोजण्यासाठीं डॉक्टरची भेट व तिची फी लागूं नये, साहाय्यकानेंच तो मोजावा, अशी सोय केली. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक दिसते. पण दाब चढलेला दिसूनहि डॉक्टर औषध वाढवीत नाहींत, "आज धांवपळ झाली असेल, पुढच्या महिन्यांत पाहूं" म्हणतात, आणि तो पुढचा महिना उजाडतच नाहीं, हा अनुभव आपल्यापैकीं कित्येकांच्या घरचा असेल.

लॉस एंजलिस येथें तर दवाखानाच न्हाव्याच्या दुकानांत गेला. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत ५२ दुकानांतील ३१९ कृष्णवर्णी पुरुष होते. जेथें औषधतज्ज्ञ दुकानांतच येऊन गोळ्या ठरवून देई, तेथें सहा महिन्यांत वरचा आंकडा सरासरी २७ नें उतरला. जेथें न्हावी नुसतें डॉक्टरकडे जा म्हणून सांगे, तेथें ९ नें. हजामतीसाठीं माणूस न चुकतां येतो, दवाखान्यांत येत नाहीं. प्रयोग करणारांनीं एवढेंच हेरलें होतें.

आपल्याकडे हें सूत्र उशिरा आलें, पण आलें. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्र व राज्य सरकारें आणि जागतिक आरोग्य संघटना यांनीं मिळून २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम पांच राज्यांत सुरू केला. महाराष्ट्रांत पहिल्या फेरींत सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे घेतले होते. त्याची रीत ओळखीची वाटेल. प्राथमिक आरोग्य केंद्रांत कोणत्याहि कारणानें आलेल्या तीस वर्षांवरील माणसाचा दाब मोजावयाचा. चढलेला निघाला तर ठरलेल्या पायरीनें औषध, बहुधा प्रथम अॅम्लोडिपिन. एका वेळीं तीस दिवसांच्या गोळ्या. आणि प्रत्येकाची नोंद. सप्टेंबर २०२२ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघानें या कामाचा पारितोषिक देऊन गौरव केला. ग्लिनकॉरुगची सोय मात्र येथें नाहीं. आपल्या आरोग्य केंद्राजवळ डॉक्टरच्या नांवें लावलेली गांवाची यादी नसते. रोगी आज सरकारी दवाखान्यांत, उद्यां खाजगी डॉक्टरकडे, परवां नुसत्या औषधाच्या दुकानांत जातो. आणि कामासाठीं मुंबई-पुण्यास गेलेला माणूस कोठल्या वहींत शोधावयाचा हें कोणालाच सांगतां येत नाहीं.

म्हणून महिन्याच्या अखेरीस परिचारिका मोबाइल फोनवरील नोंदी उघडते तेव्हां तिला पाहावयाचीं असतात तीं या महिन्यांत न आलेल्यांचीं नांवें. तीं वेगळीं निघतात. मग ती एकेकाला फोन लावते, आणि फोन लागला नाहीं तर त्या वाडीच्या आशा सेविकेला निरोप धाडते.